एका फसलेल्या चोरीची कार्डं पाडताना

स्क्रिप्टचा पहिला ड्राफ्ट झाला की लगेच दुसरा लिहायला बसायचं नाही, आधी त्याच जातीचा एक चांगला सिनेमा घ्यायचा आणि त्याची सीनवार कार्डं पाडायची, हे आमच्या सरांचं सांगणं. सर आयुष्यभर एडिटिंग टेबलवर बसलेले, त्यामुळे ते जे सांगतात ते हाताने करायचं असतं, नुसतं ऐकून सोडायचं नसतं. मी आणि माझी मैत्रीण दोघं मिळून लिहितोय, गोष्ट पुण्यातल्या जुन्या पेठांमधली, तीन भुरटे चोर आणि एक वाडा, बाकीचं आत्ता सांगत नाही. कार्डं पाडायला आम्ही निवडला 'ई सोलिती इन्योती', मारियो मोनिचेल्लीचा १९५८ चा इटालियन सिनेमा, इंग्रजीत तो 'बिग डील ऑन मॅडोना स्ट्रीट' नावाने मिळतो.

ज्यांनी बघितला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. रोममधली फुटकळ चोरांची एक टोळी, त्यांच्या कानावर येतं की गहाणवटीच्या पेढीला लागून एक रिकामा फ्लॅट आहे आणि मधली भिंत एकदम पातळ आहे, भिंत फोडली की समोर तिजोरी. बस, एवढंच. पुढे सगळं फिसकटतं हे सांगून टाकतो, कारण शेवट माहीत असूनही हा सिनेमा परत परत बघता येतो, उलट माहीत असताना जास्त आवडतो. पुढे शेवटासकट सगळं येणार आहे, तर ज्यांना आधी बघायचाय त्यांनी इथे थांबा, बघा आणि मग या.

पहिल्यांदा नुसता बघायचा. वही नाही, पॉज नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत. हे ऐकायला सोपं वाटतं पण लिहिणाऱ्याला फार जड जातं, दर दोन मिनिटांनी हात पेनाकडे जातो. सरांचं म्हणणं असं की प्रेक्षक म्हणून कुठे हसलो आणि कुठे गप्प झालो हे शरीराला आधी कळू दे, कार्डं नंतर. आणि खरंच, नंतर सगळी कार्डं मांडल्यावर आम्ही वारंवार त्या पहिल्या बघण्याकडेच जात होतो, की अरे इथे आपण दोघंही हसलो होतो, मग कार्डावर तर इथे काहीच घडत नाहीये, असं कसं.

मग कार्डं. पोस्टकार्डाच्या आकाराची, एका सीनला एक. वर जागा आणि वेळ, दिवस का रात्र. मग कोण कोण आहे. मग प्रत्येकाला त्या सीनमध्ये काय पाहिजे ते एका ओळीत, आणि 'पैसे' असं लिहायला बंदी, कारण पैसे सगळ्यांनाच पाहिजेत, त्याने काही कळत नाही. सगळ्यात खाली 'आत्ता कोणाला काय माहितीये'. ही शेवटची ओळ चोरीच्या सिनेमात जीव ओतून लिहायला लागते, कारण अख्खा खेळ माहितीचा असतो.

सुरुवातीच्या कार्डांवरच पहिली गोष्ट हाती लागली. सिनेमा चोरीच्या प्लॅनपासून सुरू होतच नाही. कोसिमो नावाचा एक चोर गाडी चोरताना पकडला जातो, आत जातो, आणि आता त्याला बाहेर यायचंय, का ते आपल्याला सांगत नाहीत. त्याच्या जागी गुन्हा कबूल करायला कोणीतरी माणूस पाहिजे ज्याच्या नावावर आधीचा काही गुन्हा नाही. मग कापानेल्ले नावाचा म्हातारा साथीदार असा माणूस शोधत गावभर फिरतो आणि ज्याला त्याला विचारतो, आणि प्रत्येकजण नाही म्हणतो, प्रत्येकाचं नाही म्हणण्याचं कारण वेगळं. हा शोध म्हणजेच सगळ्या टोळीची ओळख. कुठेही 'हा अमुक, ह्याची ही खासियत' असलं काही नाही. मारियो, जो अनाथालयात वाढला आणि तिथल्या बायकांनाच आई मानतो. फेरीबोत्ते, सिसिलीचा, बहिणीला घरात कुलपात ठेवणारा. तिबेरियो, फोटोग्राफर, पण कॅमेराच नाही, बायको सिगारेटच्या स्मगलिंगपायी तुरुंगात आणि कडेवर तान्हं पोर. शेवटी मिळतो पेप्पे, बॉक्सर, नुकताच रिंगमध्ये आडवा झालेला. आम्ही ही कार्डं जमिनीवर एका रांगेत मांडली आणि मैत्रीण म्हणाली, "अरे, ह्यात एकही सीन ओळख करून द्यायला म्हणून लिहिलेला नाहीये, सगळे काहीतरी मागायला आलेत." तेव्हाच आमच्या ड्राफ्टमधल्या पहिल्या पंधरा पानांचं काय करायचं ते मला दिसायला लागलं.

पुढे पेप्पे कोर्टात गुन्हा कबूल करतो, पण तिथे कोणी विश्वास ठेवत नाही, तोही आत जातो. आत गेल्यावर तो कोसिमोला सांगतो की मला तीन वर्षं लागली, कोसिमो पाघळतो आणि प्लॅन सांगून मोकळा होतो, आणि प्लॅन ऐकून झाल्यावर पेप्पे सांगतो की माझी शिक्षा तर स्थगित झालीये, मी चाललो बाहेर. इथे 'कोणाला काय माहितीये'ची ओळ एका झटक्यात उलटते. ते कार्ड आम्ही भिंतीवर मधोमध चिकटवलं होतं. प्लॅन टोळीकडे येतो तोच मुळी चोरलेला येतो, म्हणजे पहिली यशस्वी चोरी ही माहितीची आणि ती चोराकडूनच. आणि त्याची किंमत कोसिमोच्या रूपाने पुढे सिनेमाभर टोळीच्या मागे लागते.

दुसरा टप्पा लाल पेनाचा. सगळी कार्डं झाल्यावर परत पहिल्यापासून जायचं आणि प्रत्येक कार्डावर लाल पेनाने लिहायचं की ह्या सीनने प्लॅन पुढे सरकला का मागे गेला, आणि कशामुळे. आमचा अंदाज होता की अशा सिनेमात अडचणी बाहेरून येतात, पोलीस, योगायोग, नशीब वगैरे. काही येतातही, फ्लॅट रिकामा नसून तिथे दोन म्हाताऱ्या बहिणी आणि त्यांची कामवाली पोरगी निकोलेत्ता राहतात हे कळतं ती अशीच अडचण. पण लाल पेनाने लिहिता लिहिता दिसायला लागलं की प्लॅनला सगळ्यात मोठे धक्के बसतात ते ह्या लोकांच्या चांगुलपणामुळे. मारियोला फेरीबोत्तेची बहीण कार्मेलिना आवडते आणि तो शेवटी चोरीतूनच बाहेर पडतो, नोकरी धरतो. पेप्पे निकोलेत्ताच्या मागे लागतो तो फ्लॅटमध्ये शिरता यावं म्हणून, आणि जेव्हा तो सोपा रस्ता हाताशी येतो तेव्हा तिच्यावर आळ येईल म्हणून तोच तो सोडून देतो. तिबेरियोला रात्री चोरीला जायचं तर पोराला कुठे ठेवायचं हा प्रश्न आहे, तो पोराला तुरुंगात आईकडे ठेवून येतो. ह्यातला एकही माणूस पुरेसा वाईट नाहीये. इतका साधा धागा आहे पण लाल पेन हातात घेईपर्यंत मला तो असा सरळ दिसला नव्हता, मी आधी कितीतरी वेळा बघूनही.

तिबेरियोचं पात्र मार्चेल्लो मास्त्रोयानीने केलंय, आणि त्याच्या हाताची गोष्ट तेवढी सांगतोच. त्याला कॅमेरा चोरायचाय. तो हाताला प्लास्टर असल्याचं सोंग घेतो, खोटं प्लास्टर, खरा हात मोकळा, आणि त्या सोंगाच्या आडून मूव्ही कॅमेरा उचलतो. त्या कॅमेऱ्याने पेढीच्या तिजोरीचं लांबून शूटिंग करतात, आकडे कळावेत म्हणून, आणि मग घरी पडदा लावून सगळे ती फिल्म बघायला बसतात, आणि नेमक्या वेळी दोरीवर वाळत घातलेले कपडे आडवे येतात. आणि पुढे, ऐन चोरीच्या दिवशी तिबेरियो येतो तो खरोखरच हात मोडून, कॅमेऱ्याच्या मालकाने गाठून मोडलेला. म्हणजे खोटं प्लास्टर हे पेरणं आणि खरं प्लास्टर हे उगवणं. आणि चोरीच्या रात्री भिंत फोडायला एक हात कमी. एका छोट्या विनोदाची तीन कार्डं, प्रत्येक वेळी त्याचं काम वेगळं. आम्ही ती तीन कार्डं दोऱ्याने जोडली आणि मग नाद लागला, सगळ्या सिनेमात कुठली वस्तू कुठे पेरली आणि कुठे उगवली ते दोऱ्यांनी जोडायचा. खोलीत चालायला जागा उरली नाही.

तिसरा टप्पा, आवाज बंद करून बघणं. मला वाटलं होतं ह्यात कंटाळा येईल. पण आवाज गेला की रोम दिसायला लागतं. आणि हे पर्यटकांचं रोम नाहीये, कलोसियम नाही, कारंजी नाहीत. चाळींसारख्या मोठाल्या इमारती, गच्च्या, वाळत घातलेले कपडे, मोकळी मैदानं, शहराच्या कडेला चाललेली बांधकामं. जान्नी दि वेनान्झोची फोटोग्राफी आहे, आणि विनोदी सिनेमा म्हणजे सगळं लख्ख उजळलेलं असा जो रिवाज होता तो त्याने पाळलेला नाही, रस्ते गार आणि राखाडी दिसतात, रात्री खरंच काळ्या आहेत. आवाज बंद असताना कितीतरी सीन असे वाटतात की हा गंभीर सिनेमा आहे, गरिबीवरचा. मग आवाज सुरू केला की पिएरो उमिलियानीचं जॅझ वाजतं आणि पेप्पेचं तोतरं बोलणं ऐकू येतं आणि हसू फुटतं. चित्र एक सांगतंय आणि कान एक, आणि दोन्ही खरं. विनोदी सिनेमातलं जग हलकं करायची गरज नसते, हे मी थिअरी म्हणून कितीदा वाचलं असेल, पण म्यूट बटणाने जसं पटलं तसं कशानेच नाही.

तोतरेपणाचा विषय निघालाय तर, पेप्पे झालाय व्हित्तोरियो गासमन. तो तोपर्यंत रंगभूमीवरचा भारदस्त नट, शेक्सपिअर वगैरे करणारा. त्याला इथे खोटं नाक, खाली ओढलेली केसांची रेषा, आणि तोतरं बोलणं दिलं. ज्याचं सगळं वजन त्याच्या बोलण्यात होतं त्याच्याच जिभेला अडथळा. मैत्रिणीने ह्यावरून आमच्या मुख्य पात्राचं कास्टिंग डोक्यातून पार बदलून टाकलं, ते कोण हे आत्ता विचारू नका.

मग आम्ही 'रिफिफी' बघितला, म्हणजे त्यातली चोरी. ज्यूल्स दासाँचा १९५५ चा सिनेमा, पॅरिसमधली दागिन्यांच्या दुकानातली चोरी, सुमारे अर्धा तास ना संवाद ना संगीत, नुसते श्वास आणि हत्यारांचे आवाज. मोनिचेल्लीचा सिनेमा ह्याच धाटणीची गंमत करायला म्हणून सुरू झाला. दोन्हीतल्या चोऱ्या पाठोपाठ बघायचा सल्ला सरांचा आणि तो सोन्यासारखा निघाला. कारण लक्षात येतं की पेप्पे आणि मंडळीसुद्धा तितक्याच गांभीर्याने काम करतायत. ते वेंधळेपणा करून दाखवत नाहीत. त्यांनी रीतसर शिकवणी लावलीये, तोतो ह्या महान नटाने केलेला दान्ते क्रुचानी नावाचा निवृत्त तिजोरीफोड्या त्यांना गच्चीवर तिजोरी उघडायचे प्रकार शिकवतो, एखाद्या जुन्या मास्तरांसारखा, शांत, पायरीपायरीने, आणि सामान भाड्याने देतो, स्वतः मात्र येत नाही. पॅरिसच्या चोरांकडे कसब आहे, ह्यांच्याकडे कसबाबद्दलचा आदर आहे. नट जर वेंधळेपणा खेळायला लागले असते तर सिनेमा दहा मिनिटांत संपला असता असं मला मनापासून वाटतं, आणि आपल्याकडच्या बऱ्याच चोरीच्या विनोदी सिनेमांचं तेच होतं, सगळे पहिल्या सीनपासून भुवया उडवत असतात.

आता चोरीची रात्र. इथे आम्ही घड्याळ लावून बसलो आणि सीनऐवजी एकेका घटनेचं कार्ड केलं, कारण इथे सीन मोठा आणि आतले बारीक टप्पे महत्त्वाचे. किल्ली नाही म्हणून कोळसा टाकायच्या भोकातून आत शिरायचं. तिथून वर, तिथून काचेच्या छपरावरून चालत पलीकडच्या खिडकीकडे. हा काचेच्या छपराचा भाग आम्ही इतक्यांदा बघितला की प्रत्येक पाऊल पाठ झालं. हळूहळू पावलं टाकत निघालेत आणि खालच्या खोलीत दिवा लागतो. एक जोडपं भांडायला लागतं. छपराची काच आता खालून उजळली आणि वर हे लोक, हलता येत नाही, कारण वर बघितलं की दिसणार. आणि खालचं भांडण संपतच नाही. आम्ही कार्डावर 'कोणाला काय पाहिजे' लिहायला घेतलं तर चोरांना फक्त एवढंच पाहिजे की त्या दोघांचं एकदाचं मिटावं. वर जीव टांगणीला आणि खाली नवरा-बायकोचं नेहमीचंच भांडण, आणि दोन्हींच्यामध्ये काच. तिथे एकही विनोदी वाक्य लागत नाही. मैत्रीण एडिटिंगवाली आहे, तिचं म्हणणं की गंमत सगळी थांबण्याच्या लांबीत आहे, प्रत्येक शॉट आपल्याला वाटतो त्यापेक्षा जरासा जास्त धरलाय, आणि तो 'जरासा' मोजायला म्हणून तिने तो तुकडा स्वतःच्या मशीनवर घेऊन शॉट मागेपुढे कापून बघितले. थोडे छोटे केले की नुसतं थ्रिल उरतं. हे तिने मला दाखवलं तेव्हा मी खरंच चकित झालो.

आत शिरल्यावर भिंत. आधी पाण्याचा पाइप फुटतो. मग परत नव्याने. शेवटी भिंत पडते आणि भोकातून पलीकडे दिसतं ते त्याच फ्लॅटचं स्वयंपाकघर. फर्निचर हलवलेलं होतं, खोली ओळखण्यात घोळ झाला आणि ह्यांनी त्याच घराची आतली भिंत फोडली. आणि पलीकडे उभा कोण तर त्यांचाच म्हातारा कापानेल्ले, ज्याला सिनेमाभर भूक लागलेली असते. वेळ संपलेली, दुसरी भिंत आता होणं नाही, मग सगळे बसतात आणि म्हाताऱ्या बहिणींनी करून ठेवलेला काबुली चणे घातलेला पास्ता खातात. दमलेली माणसं शांतपणे जेवतात. पुढे शेगडी पण उडते, पण माझ्यासाठी चोरीचा शेवट म्हणजे ते जेवण. इतालो काल्विनोची एक कथा आहे, पेस्ट्रीच्या दुकानात चोरीला शिरलेले चोर खातच सुटतात अशी, त्या कथेचा ह्या सिनेमावर प्रभाव होता, आम्ही तीही मुद्दाम मिळवून वाचली. युद्धानंतरच्या इटलीत पोट भरणं हा केवढा विषय होता ते त्या कथेत फार नीट कळतं आणि मग कापानेल्लेची भूक नुसता विनोद राहत नाही. कार्डांवर मागे जाऊन बघितलं तर तो जवळजवळ प्रत्येक सीनमध्ये काहीतरी चघळतोय किंवा खायचं शोधतोय. म्हणजे अख्ख्या टोळीत एकाच माणसाला जे पाहिजे होतं ते मिळालं.

इथवर आल्यावर आम्ही कार्डं बाजूला ठेवून प्रत्यक्ष भिंती बघायला बाहेर पडलो, कारण आमच्या गोष्टीतही एक भिंत आहे. कसबा, शनिवार, नारायण असे फिरलो, वाडे उतरवायचं काम चालू होतं तिथे एका गवंडीमामांशी गप्पा झाल्या. त्यांना सगळं खरं सांगितलं की सिनेमा लिहितोय, चोर भिंत फोडतात, किती वेळ लागेल. मामा आधी खूप हसले आणि मग एकदम कामाचं बोलायला लागले. म्हणाले, "जुन्या वाड्याची भिंत म्हंजे विटा आणि मातीचा गारा, वरनं गिलावा. एकदा एक वीट सुटली की बाकीच्या हातानं निघतात बघा. आवाज भिंतीचा होत नाय, आवाज होतो खाली पडलेल्या विटांचा. तुमच्या चोरांना म्हणावं गोधडी अंथरा." मग म्हणाले की लाकडी सांगाडा असतो, मध्ये खांब लागला तर पहार तिथेच अडकायची, आणि वरची तुळई कुठे बसलीये ते न बघता फोडायला गेलात तर चोर पण गाडले जातील. गोधडीची कल्पना आम्ही तशीच्या तशी उचलली आणि मामांना तसं सांगितलंय. इथे आम्हाला परत मोनिचेल्लीचा पाइप आठवला, की अडचण कशी त्या भिंतीच्याच पोटातली असावी लागते, वरून आणून टाकलेली चालत नाही. रोमच्या इमारतीत पाइप निघतो, आमच्या वाड्यात खांब निघेल.

गूगलवर रोमचा तो रस्ता पण शोधला. सिनेमात नाव वेगळं आहे पण शूटिंग झालं ते व्हिया देल्ले त्रे कान्नेल्ले नावाच्या रस्त्यावर, ट्रेजनच्या बाजाराच्या अवशेषांजवळ. स्ट्रीट व्ह्यूमध्ये त्यावरून बराच वेळ 'चाललो'. मजा आली, उपयोग काही झाला नाही.

आता कोसिमोचं कार्ड, ज्याच्यावरून आमची सगळ्यात मोठी चर्चा झाली. कोसिमो माफी मिळून सुटतो, टोळीत घ्यायला तयार असूनही अपमानामुळे येत नाही, आणि एकटाच पिस्तूल घेऊन त्याच पेढीत जातो. काउंटरवर पिस्तूल पुढे करतो, आणि काउंटरवरचा माणूस ते हातात घेऊन नीट निरखतो आणि गहाण ठेवायला आणलंय असं समजून किंमत सांगतो. आम्ही पहिल्यांदा बघताना इथे सगळ्यात मोठ्याने हसलो होतो. आणि थोड्याच वेळात कोसिमो एका बाईची पर्स हिसकावायला जातो आणि ट्रामखाली मरतो. विनोदी सिनेमात, मध्येच, एक मुख्य माणूस खरोखर मरतो. टोळी त्याच्या अंत्ययात्रेला जाते. मैत्रिणीचं म्हणणं होतं की हे कार्ड काढून बघूया, प्लॅनच्या हिशोबाने कोसिमो जिवंत असता तरी चोरी तशीच फसली असती. आम्ही काढून बघितलं, म्हणजे कार्ड खरोखर उचललं आणि पुढची सगळी परत वाचत गेलो. तर काचेच्या छपरावरची भीती गेली. कारण कोसिमो मेल्यामुळे आपल्याला माहीत असतं की ह्या सिनेमात माणूस मरू शकतो, काच फुटली तर खाली नुसतं भांडण नाही. सर त्या दिवशी आले होते, त्यांनी फक्त ते कार्ड उचलून परत होतं तिथे ठेवलं आणि म्हणाले, "आता तुमच्या ड्राफ्टमध्ये ह्या जागी काय आहे ते सांगा." काहीच नव्हतं. इटालियन पद्धतीची कॉमेडी म्हणून जी पुढे नावारूपाला आली तिची सुरुवात बरेचजण ह्याच सिनेमापासून मोजतात, आणि मला वाटतं त्याला कारण हा ट्रामचा सीन आहे, हसणाऱ्या माणसाच्या घशात आवंढा आणायची हिंमत.

शेवट पण तसाच. पहाटे पेप्पे आणि कापानेल्ले चाललेत, पोलीस दिसतात, पेप्पे लपायला म्हणून कामगारांच्या रांगेत घुसतो आणि रांगेबरोबर ढकलला जात जात बांधकामाच्या फाटकातून आत जातो, आणि कापानेल्ले बाहेरून त्याला ओरडून सांगतो की अरे तुला कामाला लावतील. १९५८ म्हणजे इटलीत बांधकामाच्या तेजीचा काळ, म्हणजे ते फाटक कुठूनही आणलेलं नाही, सिनेमाभर मागे दिसणारी बांधकामं तिथेच येऊन पोचतात. आवाज बंद करून बघताना आम्ही ती बांधकामं वहीत टिपली होती म्हणून हा दोरा लगेच जोडता आला.

मग दुसरा ड्राफ्ट. पहिली पंधरा पानं गेली, आता आमचे तिघे एकमेकांकडे काहीतरी मागायला येतात तेव्हाच कळतात. वाड्यातल्या आजी आधी नुसत्या अडथळा म्हणून होत्या, आता आमच्या एका चोराला त्यांचा लळा लागतो आणि रात्रीची वेळ ठरवताना तो सारखा त्यांच्या औषधांच्या वेळा मध्ये आणतो. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो तिथला एक सीन होता नुसता रंगत म्हणून, तिथे आता पहार विकत घेतली जाते आणि ती पुढे दोनदा उगवते. आणि कोसिमोच्या जागी काय आलंय ते लिहून झालंय पण त्यावर आम्ही दोघं अजून एकमताने नाही, मला ते राहावं असं फार वाटतं, मैत्रीण म्हणते की ते राहिलं तर पुढचा गोधडीचा सीन परत लिहायला लागेल. सध्या तोच परत लिहितोय.

ज्यांना हे करून बघायचं असेल त्यांना दोन-तीन गोष्टी. कार्डं जाड कागदाची घ्या, पातळ असली की भिंतीवरून पडतात. सिनेमा शक्यतो असा निवडा ज्याची गोष्ट तुमच्या गोष्टीसारखी नाही पण जात तीच आहे, म्हणजे उचलेगिरीचा मोह होत नाही. आणि एकट्याने करू नका, कारण लाल पेनाचं काम दोघांनी भांडत भांडतच नीट होतं. पुढचा सिनेमा म्हणून आम्ही ह्याचाच, नान्नी लॉयने केलेला १९५९ चा दुसरा भाग घेणार आहोत, त्यात टोळी मिलानला जाते, शहर बदललं की ह्या माणसांचं काय होतं ते कार्डांवर बघायचंय.